बैठक छोटी ठेव, नोंद मात्र चुकवू नकोस

पत्र:

ताई, मी ३१ वर्षांची आहे. दिवसभर अकाउंट्सची नोकरी करते आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. म्हणजे, काढायची इच्छा आहे. गेल्या दोन वर्षांत पाच-सहा कामं मिळाली, सगळी ओळखीतून. रोज दोन तास चित्रं काढायचीच, असा निश्चय मी चार वेळा केला. दहा-बारा दिवस सुरळीत चालतं. मग आजारपण, ऑफिसमधलं वर्षअखेरीचं काम, पाहुणे, काहीतरी निघतंच, आणि एकदा तुटलं की महिना महिना वहीला हात लावत नाही. नंतर एखाद्या रविवारी अपराधी वाटून सकाळपासून रात्रीपर्यंत बसते आणि पुढचे तीन दिवस मान धरलेली असते. कपाटात अर्धवट चित्रांचा ढीग आहे. सहा महिन्यांत नोकरी सोडायचं मनात आहे. वेळ मिळाला की सगळं जागेवर येईल असं वाटतं. नवरा म्हणतो, आधी रोज बसून दाखव, मग नोकरीचं बोलू. मला राग येतो, पण तो चुकीचं बोलतोय असंही म्हणवत नाही. एका प्रकाशकांनी आठ चित्रांचे किती घ्याल असं विचारलंय, त्यांना आठवडा झाला तरी उत्तर दिलेलं नाही. माझ्यात जिद्दच कमी आहे का? आणि रोज इन्स्टाग्रामवर काहीतरी टाकलंच पाहिजे का?
— ना धड इकडची, ना तिकडची

उत्तर:

जिद्द नसती तर पहिल्या वेळेलाच वही बंद करून मोकळी झाली असतीस. चार वेळा नव्याने सुरुवात केलीस, तेव्हा जिद्दीचा विषय आपण इथेच मिटवू. मला तुझ्या पत्रात खटकले ते 'रोज दोन तास'. हा आकडा आला कुठून? बहुतेक एखाद्या सुट्टीच्या दिवशी, झोप पुरेशी झालेली, घरात कुणी नाही, अशा वेळी दोन तास कसे गेले ते कळलं नसेल, आणि तेच तू रोजचं माप धरलंस. रोजचं माप आपल्या सगळ्यात वाईट दिवसावरून घ्यायचं असतं. वर्षअखेरीच्या आठवड्यात, रात्री उशिरा घरी आल्यावर, डोकं ठणकत असताना तुझ्याच्याने किती होईल? पंधरा मिनिटं? मग अट पंधरा मिनिटांचीच.

किरकोळ वाटतंय ना? पंधरा मिनिटांत चित्र होत नाही, हे खरंच आहे. पण एक हात होतो, एक झाड होतं, एखाद्या पानाची नुसती मांडणी होते. शिवाय पंधरा मिनिटं झाली म्हणून तुला कुणी उठवायला येणार नाही. रंगात आलीस तर तासभर बस. वरच्या बाजूला मात्र मी खरीखुरी मर्यादा घालीन. रविवारी तीन तासांच्या वर बसायचं नाही, आणि तेही मध्ये दोन-तीनदा उठून. मान धरण्याकडे तू फार सहज बघतेस. चित्रकाराचं मनगट, मान आणि डोळे यांवरच पुढची तीस-चाळीस वर्षं चालायची असतात. त्या रविवारचा हिशेब तू अकाउंट्सवाल्या नजरेने कर की: एक दिवस कमावला, तीन गमावले, वर चित्राला बसायची धास्ती बसली ती वेगळीच.

खंड पडण्याबद्दलही थोडं सांगते, कारण तिथेच तुझी गाडी दर वेळी अडते. एकवीस दिवसांत सवय लागते, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याचं मूळ असं, की मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं, आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान एकवीसेक दिवस लागतात. पुढे त्यातलं 'किमान' गळालं, रुग्णही गळाले, आणि जगातल्या झाडून सगळ्या सवयींना एकवीस दिवस चिकटले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजून पाहिलं. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी गोष्ट रोज एका ठरावीक प्रसंगाला जोडून करायला घेतली. ती आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. चित्र काढणं हे पाण्याचा ग्लास पिण्याइतकं सोपं नाही, तेव्हा तुझ्या दहा-बारा दिवसांत काहीच 'लागलं' नाही यात नवल ते काय? त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती तू भिंतीवर लावलीस तरी चालेल: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

म्हणजे तुझं नुकसान चुकलेल्या दिवसाने केलेलं नाही. त्याची भरपाई करायच्या कल्पनेने केलं. मंगळवार बुडला की बुधवारी चार तास काढायचे असं मनात येतं, बुधवारी चार तास कुठून मिळणार, मग गुरुवारी सहा तासांचं देणं होतं, आणि अशा देण्याकडे माणूस तोंड फिरवतोच. म्हणून भरपाई बंद. मंगळवार गेला तर गेला. बुधवारी पंधरा मिनिटं.

बसायची वेळ घड्याळावर ठेवण्यापेक्षा एखाद्या कामाला बांध. संध्याकाळी सात वाजता, असं ठरवलंस तर सातला नेमका फोन येतो आणि दिवस फुकट गेला असं वाटतं. ऑफिसची बॅग जागेवर ठेवली की टेबलाशी, असं ठरवलंस तर बॅग सातला ठेवली काय आणि साडेनऊला ठेवली काय, क्रम तोच. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 'असं झालं की मी तसं करीन' या धर्तीवर ठरवलेल्या गोष्टी नुसत्या संकल्पापेक्षा जास्त वेळा पार पडतात, हे बऱ्याच प्रयोगांतून दाखवलं आहे. साधीच गोष्ट आहे, पण करून बघ. टेबल मात्र मांडलेलं हवं. रोज कागद शोधा, रंग काढा, लॅपटॉप हलवा, असं असेल तर तुझी पंधरा मिनिटं त्यातच जातील. कोपरा छोटा असला तरी हरकत नाही, तो दुसऱ्या कुणाचा नको.

आता मुख्य मुद्दा. तू म्हणतेस वेळ नाही. मला वाटतं, बसल्यावर आज काय काढायचं हे ठरवण्यातच तुझा जीव जातो. त्यावर एक इलाज इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यांच्याकडून घे. हा गृहस्थ १८३४ ते १८६७ टपाल खात्यात नोकरीला होता, आणि नोकरीला जाण्याआधी, पहाटे साडेपाचपासून तीन तास लिहायचा. समोर घड्याळ ठेवून पंधरा मिनिटांना २५० शब्द, असा त्याचा बेत. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. मृत्यूनंतर १८८३ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं आणि त्यातला हा घड्याळाचा हिशेब वाचून बरेच रसिक नाराज झाले. कलावंताने असं दुकान मांडून बसावं हे त्यांना रुचलं नाही. असो. घड्याळाची गोष्ट सगळे सांगतात, मला त्यातली दुसरी जास्त कामाची वाटते. तीन तासांतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवायचा. कोऱ्या कागदासमोर तो बसायचाच नाही. कालच्या कामातून आजच्या कामात शिरायचा.

तुझ्याकडे अर्धा तास नाही, म्हणून तू हे उलट्या टोकाने कर. उठताना दोन मिनिटं राखून ठेव आणि एका चिठ्ठीवर उद्याचं पहिलं काम लिही. 'चित्र पुढे न्यायचं' असं मोघम नको. 'पान चार: मुलीचा डावा हात फार लांब झालाय, कोपर वर घ्यायचं, मग मागच्या खिडकीची सावली' असं लिही. चिठ्ठी त्याच कागदावर चिकटव आणि पेन्सिल तिथेच ठेव. दुसऱ्या दिवशी थकून आलीस तरी कोपर वर घ्यायला प्रेरणा लागत नाही. आणि जमलं तर काम अर्ध्यात सोड, पुढची रेष कुठे जाणार हे स्पष्ट दिसत असताना. पूर्ण थांब्यावर सोडलंस की उद्या पुन्हा पहिल्यापासून ठरवणं आलं.

त्याच चिठ्ठीखाली, किंवा एका वेगळ्या वहीत, आणखी एक ओळ: तारीख, कोणतं चित्र, त्यातला कोणता टप्पा, किती मिनिटं. बस, एवढंच. 'आज छान वाटलं', 'आज मूड नव्हता' असलं काही लिहू नकोस. ही वही तुझी डायरी नाही, ही तुझ्या धंद्याची रोजकीर्द आहे, आणि ती कशी लिहायची हे मी तुला शिकवावं असं मुळीच नाही. पंधरा मिनिटांची अट एक वेळ चुकली तर चालेल. बसलीस आणि ओळ लिहिली नाहीस, हे चालणार नाही.

इतका आग्रह का, ते सांगते. त्या प्रकाशकांना तू उत्तर दिलं नाहीस, ते लाजेने किंवा आळसाने नसावं. आठ चित्रांना किती वेळ लागेल हेच तुला ठाऊक नाही, मग आकडा कशाच्या जोरावर सांगणार? दोन महिन्यांची नोंद हातात असली की परिस्थिती कशी पालटते बघ. समज, वहीतून असं निघालं की एका रंगीत पानाला कच्च्या आराखड्याचा दीड तास, पक्क्या चित्राचे पाच तास, दुरुस्त्यांचे दोन. साडेआठ तास. आठ चित्रांचे ६८. आणि त्याच वहीतून असंही निघालं की तू आठवड्याला, रविवार धरून, खरोखर पाच तास बसतेस. ६८ भागिले पाच, म्हणजे चौदा आठवडे. एखादं आजारपण, एखादी वर्षअखेर धरून चार महिने. आता तू प्रकाशकांना चार महिने लागतील असं सांगू शकतेस आणि ते खरं असेल. ओळखीतून आलेली कामं ओळखीबाहेर जातात ती सांगितलेल्या तारखेला हातात पडलेल्या चित्रांमुळे.

पैशाचंही तसंच. सुरुवातीला तळाचा आकडा म्हणून नोकरीत तुला तासाला किती पडतात ते काढ आणि त्याखाली जाऊ नकोस. त्यात साहित्याचा खर्च घाल. मेल, फोन, बिलं, समोरच्याला नेमकं काय हवंय ते समजून घेणं याचाही वेळ घाल. नवखे चित्रकार तो हमखास विसरतात, कारण तेव्हा हातात पेन्सिल नसते. एवढं करून आलेला आकडा तुला जास्त वाटेल. तरी सांग. समोरचा घासाघीस करील, तेव्हा पैसे कमी करण्याआधी काम कमी करता येतं का ते बघ: आठाऐवजी सहा चित्रं, किंवा दोन पानं रंगीत न करता नुसती रेषांची.

या प्रकाशकांपुरतं मात्र दोन महिने थांबता येणार नाही. त्यांना आज उत्तर दे, आणि त्यात आकडा नसला तरी चालेल. उशिराबद्दल एकच ओळ दिलगिरीची, कारणं नकोत. मग विचार: चित्रांचा आकार काय, रंगीत की साधी, मजकूर पूर्ण झालाय का, तारीख कोणती, आणि चित्रं कुठे कुठे वापरणार. ही माहिती आली की चार दिवसांत आकडा कळवते, असं लिही. त्या चार दिवसांत एक पान घड्याळ लावून कर, म्हणजे निदान अंदाजाला आधार राहील. कुठे वापरणार हा प्रश्न नुसता सभ्यतेचा समजू नकोस. १८८६ च्या बर्न कराराने बांधलेल्या देशांमध्ये, म्हणजे जगातल्या बहुतेक देशांत, चित्र तयार झालं की त्याचा कॉपीराइट नोंदणीशिवायच जन्माला येतो. बहुतेक ठिकाणी तो काढणाऱ्याचाच, पण पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा हक्क काही देशांत, भारतातही, उलट करार नसेल तर काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून हक्क तुझाच राहील आणि प्रकाशकाला तू देतेस ती फक्त परवानगी, हे लिहून घे. कोणत्या आवृत्तीसाठी, कोणत्या भाषेत, किती वर्षं, हे कागदावर यायला हवं. 'सर्व हक्क कायमचे' असं वाक्य दिसलं तर ते हक्कही तू विकते आहेस, हे लक्षात ठेव आणि त्याचे वेगळे पैसे लाव. बारकावे देशागणिक बदलतात, तेव्हा करार सही करण्याआधी जाणकाराला दाखव. एक तृतीयांश अॅडव्हान्स, एक तृतीयांश कच्चे आराखडे पसंत पडल्यावर, उरलेले चित्रं दिल्यावर. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या त्याच पैशांत, तिसरीपासून वेगळे. हे सगळं मेलमध्ये शांतपणे लिही, समोरच्याला यात उद्धटपणा वाटत नाही. वाटलाच, तर बरं झालं आधी कळलं.

अशा कामांसाठी आठवड्यातला एक तास वेगळा काढ, आणि तो चित्राच्या वेळातून काढू नकोस. त्या तासात थकलेली बिलं, न दिलेली उत्तरं, नव्या दोन ठिकाणी कामाचे नमुने. रोजच्या रोज यात डोकं घातलंस तर चित्र मागे पडतं. कधीच घातलं नाहीस तर कपाटातला ढीग वाढतो. त्या ढिगाचं काय करायचं ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. त्यातली तीन चित्रं निवड आणि पूर्ण कर. बाकीची एका खोक्यात घालून वर माळ्यावर टाक. फेकू नकोस, पण नजरेसमोरही नकोत.

नोकरीविषयी माझं मत स्पष्ट आहे: सहा महिन्यांत सोडू नकोस. वेळ मिळाला की सगळं जागेवर येईल, यावर माझा विश्वास नाही. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले उत्तम विद्यार्थी, ज्यांचं शिक्षणच संगीताचं होतं, ते एकट्याने रियाज करायचे तो सरासरी दिवसाला साडेतीन तासांच्या आसपास. तोही सलग नाही, मध्ये विश्रांती घेत. मन लावून करायच्या कामाला माणसाच्या अंगात एवढीच धग असते बहुधा. नोकरी सोडून मिळालेल्या आठ तासांतले चार-पाच तास कशाने भरणार? माझा अंदाज, काळजीने. पुढचं काम कधी येईल, मागचे पैसे कधी येतील. तशा मनःस्थितीत माणूस मिळेल ते काम, मिळेल त्या दरात घेतो, आणि मग चित्रांचाच वीट येतो.

ट्रॉलपनेही टपाल खातं सोडलं ते प्रसिद्ध झाल्याबरोबर नाही. मुदतीआधी राजीनामा दिल्याने जे पेन्शन बुडणार होतं, तेवढं उत्पन्न कायम देत राहील इतकी शिल्लक गाठीशी पडली, तेव्हा त्याने सोडलं. संगीतकार फिलिप ग्लास यांचा ऑपेरा १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, खचाखच गर्दीत; आणि त्यानंतरही ते काही काळ टॅक्सी चालवत होते. त्यात त्यांना कमीपणा वाटल्याचं कुठे दिसत नाही. तुझ्यासाठी मी असं ठरवीन: चित्रांचे पैसे वेगळ्या खात्यात जमा कर, त्यांना हात लावू नकोस. लागोपाठ बारा महिने त्या खात्यात येणारी रक्कम तुझ्या महिन्याच्या खर्चाच्या निम्मी होत असेल, आणि वर्षभर पुरेल इतकी शिल्लक असेल, तर राजीनाम्याचा विचार कर. तोवर कामाचे तास कमी करून मिळतात का, आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेता येते का, हे ऑफिसात विचारून बघ. बऱ्याच जणी विचारतच नाहीत.

आणि नवरा. त्याचं बोलणं तुला लागलं, कारण 'बसून दाखव' यात परीक्षेचा सूर आहे. तू काही त्याला परीक्षा द्यायला बसलेली नाहीस. पण त्याची भीती पैशाची असणार, आणि ती रास्त आहे. ती निश्चयाने जात नाही, आकड्यांनी जाते. तीन महिन्यांनी वही घेऊन त्याच्याशेजारी बस: इतके तास, इतकी चित्रं पूर्ण, इतकी बिलं, इतके पैसे आले. तोपर्यंत त्याच्याकडून एकच गोष्ट माग, तू टेबलाशी असताना दार वाजलं तर उठायचं त्याने.

इन्स्टाग्राम: रोज नाही. आठवड्यातल्या त्या एका तासात एक पूर्ण झालेलं चित्र टाक, किंवा पंधरवड्याला एक. अर्धवट चित्र टाकून लाइक्स मिळाले की ते पूर्ण करायची ओढच संपते, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे. शिवाय पुस्तकांसाठी चित्रकार शोधणारे संपादक तुझा रोजचा हजेरीपट बघत नाहीत. तेच पात्र पानापानांवर तसंच ओळखू येतं का, मजकुराला जागा सोडली आहे का, हे बघतात. त्यासाठी दहा-बारा पूर्ण पानं एका पीडीएफमध्ये घाल, शेवटी नाव आणि मेल. तीन चित्रं तर कपाटातून निघतीलच.